अटलांटिकवरचं हिवाळी वादळ: उपग्रहापासून बंदरातल्या भरतीमापकापर्यंत माग कसा काढायचा

ऑक्टोबर उलटला की उत्तर अटलांटिकवर वादळांची रांग लागते, ती थेट मार्चपर्यंत. न्यूफाउंडलंडच्या आसपास कमी दाबाचं एखादं किरकोळ क्षेत्र तयार होतं, दोन दिवसांत ते अक्राळविक्राळ होतं आणि आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनी किंवा नॉर्वे यांपैकी कुणाच्या तरी किनाऱ्यावर येऊन आदळतं. बातम्यांत आपल्याला दिसतं ते फक्त त्याचं नाव आणि एक लाल नकाशा.

तुम्ही या किनाऱ्यांवर नव्याने राहायला आला असाल, जहाजावर किंवा बंदरात काम करत असाल, फेरीबोटीचं तिकीट काढून बसला असाल किंवा निव्वळ कुतूहल असेल, तरी हा माग स्वतः काढता येतो. जवळपास सगळी माहिती फुकट मिळते. पण तिचा ढिगारा एवढा मोठा आहे की कोणती गोष्ट कधी पाहायची तेच नव्या माणसाला कळत नाही.

मी पाळतो तो नियम असा: वादळ जसजसं जवळ येईल तसतशी नजर भाकितावरून काढून मोजमापावर न्यायची. पाच दिवस आधी संगणकी मॉडेल, दोन दिवस आधी दाबाचा नकाशा, एक दिवस आधी उपग्रह आणि शेवटचे सहा तास बोया (समुद्रात नांगरलेली, हवामान मोजणारी तरंगती यंत्रं) व भरतीमापक. नवखी मंडळी बहुधा उलट करतात. खिडक्या थडथडत असतात आणि हे अजून काल रात्रीचं रंगीत ॲनिमेशन पुढे-मागे करत बसलेले.

आधी जमवायची सामग्री

- ब्रिटनच्या मेट ऑफिसचे समदाब रेषांचे, म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचे, नकाशे (वर्तमान विश्लेषण आणि पुढच्या पाच दिवसांचे)
- अमेरिकेतल्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या ओशन प्रेडिक्शन सेंटरचे अटलांटिकचे नकाशे
- मॉडेल पाहण्यासाठी विंडी, व्हेंटुस्काय किंवा तत्सम एखादी साइट. एकच पुरे, पण तिच्यात मॉडेल बदलता आलं पाहिजे
- मेटिओसॅट उपग्रहाची चित्रं, त्यातही पाण्याच्या वाफेचं चित्र
- आपल्या किनाऱ्याच्या पश्चिमेला असलेल्या हवामान बोयांची पानं
- जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक आणि तिथल्या भरतीमापकाचा चालू आलेख
- त्या देशाच्या हवामान खात्याचा समुद्री अंदाज आणि इशाऱ्यांचं पान
- वही-पेन्सिल, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ

रेडिओ हौस म्हणून सांगत नाही. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात आयर्लंडमध्ये साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. अशा वेळी तासाभरात राउटर बंद, मग मोबाइलचे टॉवरही एकेक करून मुके होतात.

१. वादळाची जात ओळखा

चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मधोमध डोळा आणि भोवती गोल फिरणारे ढग येतात. ते उष्णकटिबंधातलं. त्याला ताकद मिळते कोमट समुद्राच्या वाफेतून. अटलांटिकवरचं हिवाळी वादळ वेगळ्या जातीचं असतं. एका बाजूला कॅनडा-ग्रीनलंडकडची बर्फाळ हवा, दुसऱ्या बाजूला गल्फ स्ट्रीम या उष्ण सागरी प्रवाहावरची उबदार हवा, आणि या दोन्हींतल्या तापमानाच्या फरकावर ते पोसलं जातं. वर आठ-दहा किलोमीटर उंचीवरून जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहत असतो. त्याच्या नेमक्या भागाखाली हे कमी दाबाचं केंद्र सापडलं की वरची हवा झपाट्याने बाजूला खेचली जाते आणि खाली दाब कोसळतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की केंद्राच्या ठिपक्यावर नजर खिळवून ठेवू नका. या वादळात सर्वात जोरदार वारा बहुतेक वेळा केंद्रापासून दूर, त्याच्या दक्षिण आणि नैऋत्य अंगाला असतो. केंद्र आयर्लंडपासून शेकडो किलोमीटर वायव्येला राहूनही पश्चिम किनारा उद्ध्वस्त होऊ शकतो. ‘वादळ बाजूने गेलं’ हे वाक्य इथे फार जपून वापरायचं.

२. पाच ते सात दिवस आधी: एक चित्र नको, पन्नास पाहा

एवढ्या आधी कोणत्याही मॉडेलचं एकच चित्र बघून निष्कर्ष काढू नका. जीएफएस हे अमेरिकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवसांपर्यंतचं चित्र देतं. त्यामुळे दहाव्या दिवशी कुठेतरी भयंकर वादळ दाखवणारी एखादी फेरी हिवाळ्यात हमखास सापडते. समाजमाध्यमांवर फिरतात ती हीच चित्रं. पुढच्या फेरीत ते वादळ गायब झालेलं असतं, पण ते कुणी टाकत नाही.

त्याऐवजी समूह अंदाज उघडा. युरोपीय केंद्राचं, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफचं मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून पन्नास वेगवेगळ्या फेऱ्या चालवतं. त्यांतल्या किती फेऱ्यांत वादळ दिसतं आणि त्यांचे मार्ग किती पसरलेले आहेत, एवढंच या टप्प्यावर बघायचं. पन्नासपैकी पाच-सहांत दिसलं तर तारीख वहीत टिपून ठेवा. तीस-पस्तीसांत दिसायला लागलं, तेही सलग दोन-तीन फेऱ्यांत, तर कामं त्या हिशेबाने लावायला घ्या.

दाबाचा आकडा किंवा वाऱ्याचा वेग या टप्प्यावर लिहूनच ठेवू नका. एकदा लिहिला की मन त्याला चिकटतं.

३. दोन-तीन दिवस आधी: दाबाचा नकाशा हाताने वाचा

माझ्या मते माग काढायचं खरं शिक्षण इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मेट ऑफिसच्या नकाशावर समदाब रेषा चार-चार हेक्टोपास्कलच्या अंतराने काढलेल्या असतात. हेक्टोपास्कल हे दाबाचं एकक, तेच मिलिबार, गोंधळू नका. लागोपाठचे नकाशे घ्या आणि वहीत चार रकाने करा: वेळ, केंद्राचे अक्षांश-रेखांश, केंद्राचा दाब, मागच्या वेळेपेक्षा फरक. चार-पाच नोंदी झाल्या की वादळाचा वेगही कळतो आणि ते किती झपाट्याने खोल होतंय तेही.

‘बॉम्ब’ हा शब्द बातम्यांत सैल वापरला जातो, पण त्याला माप आहे. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकुम या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये ते ठरवलं: ६० अंश अक्षांशावर २४ तासांत किमान २४ हेक्टोपास्कलने दाब उतरला पाहिजे. दक्षिणेकडे ही अट सैल होत जाते, ४५ अंशांवर ती सुमारे २० वर येते. एओविनचा दाब एका दिवसात जवळपास ५० ने कोसळला होता, म्हणजे अटीच्या दुपटीने.

आता रेषांमधलं अंतर बघा. साधारण ५५ अंश अक्षांशावर शेजारच्या दोन रेषांत १०० किलोमीटर अंतर असेल तर खुल्या समुद्रावर गेलचा वारा, म्हणजे ३४ नॉट (ताशी सुमारे ६३ किलोमीटर) किंवा त्याहून जास्त, धरून चाला. अंतर निम्मं झालं की वारा ढोबळमानाने दुप्पट. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात तो पट्टा पेन्सिलने रंगवा आणि प्रत्येक नकाशावर तो कुठे सरकतो ते बघा. केंद्रापेक्षा हा पट्टा महत्त्वाचा.

इथे एक सापळा आहे. दाब जितका कमी तितकं वादळ भयंकर, असं नव्या माणसाला वाटतं. जानेवारी १९९३ मध्ये शेटलंडजवळ खडकावर चढलेला ‘ब्रेअर’ हा तेलवाहू टँकर ज्या वादळाने फोडला, त्याचा दाब ९१४ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. उत्तर अटलांटिकवरच्या अशा वादळांत इतका कमी दाब दुसरा नाही. पण ते केंद्र स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रावर होतं. उलट ऑक्टोबर १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये लाखो झाडं लोळवणाऱ्या वादळाचा दाब ९५० च्या वर होता. आकडा किती खाली गेला यापेक्षा दाबाचा उतार किती तीव्र आहे आणि तो कुणाच्या डोक्यावर येतोय, हे पाहायचं.

ओशन प्रेडिक्शन सेंटरचे नकाशे याच वेळी शेजारी उघडा. तिथे केंद्रालगत ‘गेल’, ‘स्टॉर्म’, ‘हरिकेन फोर्स’ असे शिक्के असतात. मात्र अमेरिकी ‘स्टॉर्म’ म्हणजे ४८ ते ६३ नॉट, तर ब्रिटिश अंदाजात ‘स्टॉर्म’ म्हणजे बोफर्ट या ० ते १२ च्या वारा-मोजपट्टीवर १०, ४८ ते ५५ नॉट. त्याच्या वर तिथे ‘व्हायोलंट स्टॉर्म’ नावाची आणखी एक पायरी आहे. ६४ नॉटला दोघंही ‘हरिकेन फोर्स’ म्हणतात, पण त्याचा अर्थ ते वादळ उष्णकटिबंधीय हरिकेन आहे असा होत नाही.

४. वेळ आणि एकक: चुका इथे होतात

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. नकाशे यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरच्या सामाईक प्रमाणवेळेत, असतात. हिवाळ्यात ब्रिटन-आयर्लंडचं घड्याळ यूटीसीशी जुळतं, नॉर्वे-नेदरलँड्स-फ्रान्सचं एक तास पुढे असतं. तुमचं ॲप मात्र फोनच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, मग भारतात बसून पाहणाऱ्याच्या नोंदी साडेपाच तासांनी चुकतात. वहीत फक्त यूटीसी लिहा.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, आणि सेकंदाला साधारण अर्धा मीटर. सरासरी वारा आणि झोत (काही सेकंदांचा जोराचा झटका) यांत गल्लत करू नका. समुद्री अंदाजातला बोफर्ट आकडा सरासरी वाऱ्याचा असतो, बातमीतला आकडा बहुधा सर्वात जोराच्या झोताचा. झोत कुठे मोजला तेही बघा. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात आइल ऑफ वाइटच्या नीडल्सवर ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, इंग्लंडमधला विक्रम. पण ते ठिकाण समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर आहे. तिथला आकडा घेऊन दहा मैल आतल्या गावाचा अंदाज बांधू नये.

नावांचीही एक भानगड आहे. ब्रिटन आणि आयर्लंड २०१५ पासून, तर नेदरलँड्स २०१९ पासून एका यादीतून नावं देतात. बर्लिनचं फ्री युनिव्हर्सिटी कमी दाबांना स्वतंत्र नावं देतं. ब्रिटनचं युनिस तेच जर्मनीचं झेनेप. दोन वादळं आली असं समजू नका, मार्ग जुळवून पाहा.

५. चोवीस ते सहा तास आधी: उपग्रह

आता मॉडेल मागे टाकायचं. पाण्याच्या वाफेच्या चित्रात दमट हवा पांढरी आणि कोरडी हवा काळी दिसते. मेटिओसॅटची नवी चित्रं दर दहा-पंधरा मिनिटांनी येतात, तीन-चार तासांची साखळी चालवून बघा. बळावणाऱ्या वादळात ढगांचा एक मोठा पांढरा, हुकासारखा आकडा वळताना दिसतो आणि त्याच्या पोटात काळी जीभ घुसते. ही काळी जीभ म्हणजे वरून खाली उतरणारी कोरडी हवा. ती जितक्या लवकर आत घुसते आणि कडा जितक्या धारदार, तितका दाब वेगाने पडतोय असं समजा.

आकड्याचं टोक बारीक पट्ट्या-पट्ट्यांत तुटत विरताना दिसलं तर सावध व्हा. तिथून कधीकधी ‘स्टिंग जेट’ उतरतो: पाऊस-बर्फ हवेतच विरून हवा थंड होते, जड होते आणि तीन-चार किलोमीटर उंचीवरून जमिनीकडे झेपावते. त्याचा पट्टा अरुंद, आयुष्य काही तासांचं, पण दक्षिण इंग्लंडमध्ये १९८७ ला सर्वाधिक नासधूस त्यानेच केली. उपग्रहाचं चित्र बघून ‘हाच स्टिंग जेट’ असं छातीठोक सांगू नका. तज्ज्ञदेखील ते बहुधा नंतर, सगळी मोजमापं हातात आल्यावर ठरवतात.

मग मॉडेल तपासायचं. ताज्या फेरीत आत्ता केंद्र जिथे दाखवलंय तिथेच ते उपग्रहात दिसतंय का? दीडशे किलोमीटर उत्तरेला किंवा तीन तास पुढे दिसत असेल तर पुढच्या सगळ्या अंदाजाला तेवढा धक्का द्या. मेटॉप उपग्रहांवरचं ॲस्कॅट नावाचं उपकरण समुद्राच्या पृष्ठभागावरून रडार लहरी परावर्तित करून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतं. दिवसातून एक-दोनदा ते तुमच्या भागावरून जातं. त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध रिकामी फट असते, आणि वादळाचं केंद्र नेमकं त्या फटीत सापडणं हा या छंदातला नेहमीचा वैताग. अतितीव्र वारा ॲस्कॅट थोडा कमीच दाखवतं, हेही धरून चाला.

६. बोया: शेवटचे सहा तास

आयर्लंडच्या पश्चिमेला सुमारे ४०० किलोमीटरवर एम-६ नावाचा हवामान बोया नांगरलेला आहे. एम-४ डोनेगॉलच्या बाहेर, एम-३ नैऋत्य टोकाच्या बाहेर. ब्रिटिश बोयांची नावं ‘के’ने सुरू होतात. वादळ ४० नॉटने सरकत असेल तर एम-६ वर दिसलेली गोष्ट किनाऱ्यावर पोचायला साधारण पाच तास लागतात. एवढा हातातला वेळ कोणतंही ॲप इतक्या खात्रीने देत नाही.

समजा तक्त्यात अशा ओळी आल्या (वारा येतो ती दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे अंशांत मोजतात, १८० म्हणजे दक्षिण):

पहाटे ३: दाब ९७१.४, वारा १७० अंशांवरून, ३६ नॉट
४: ९६४.९, १८० अंश, ४१ नॉट
५: ९६०.२, २०० अंश, ४३ नॉट
६: ९६१.८, २५० अंश, ४९ नॉट

तीन ते चारमध्ये दाब साडेसहाने पडला. तासाला तीन पडला तरी भुवया उंचावतात, हा त्याच्या दुप्पट. पाच ते सहामध्ये तीन गोष्टी एकदम झाल्या: दाब चढायला लागला, वारा दक्षिणेकडून एकदम पश्चिम-नैऋत्येला फिरला, आणि वेग वाढला. म्हणजे शीत सीमा (मागून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड) बोयावरून पुढे गेली. ‘दाब वाढला, वादळ उतरलं’ असं समजून लोक इथेच फसतात. सर्वात वाईट वारा बहुतेकदा सीमा गेल्यावर, दाब वर उसळत असताना येतो.

वाऱ्याच्या दिशेतून केंद्र कुठून जातंय तेही कळतं. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत गेला, दक्षिणेकडून पश्चिमेला आणि मग वायव्येला, तर केंद्र तुमच्या उत्तरेकडून चाललंय. उलट फिरला, आग्नेयेकडून पूर्वेला आणि ईशान्येला, तर ते दक्षिणेकडून जातंय. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. हा जुना नियम इंटरनेट गेल्यावरही चालतो.

बोयाची माहिती मध्येच थांबली तर घाबरू नका, पण निर्धास्तही होऊ नका. ऐन वादळात नोंदी तुटणं नवं नाही.

७. लाटा: उंचीआधी कालावधी बघा

बोयावरची ‘लक्षणीय लाट’ म्हणजे सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची. ती सहा मीटर असेल तर त्याच समुद्रात अधूनमधून अकरा-बारा मीटरची एखादी लाट येणारच. ४ फेब्रुवारी २०१३ ला आइसलँड आणि ब्रिटन यांच्या मधल्या बोयाने १९ मीटरची लक्षणीय उंची नोंदवली, जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम मान्य केला आहे. त्यात एकेकटी लाट किती उंच असेल याचा हिशेब आता तुम्हीच करा.

पण नवखा माणूस फक्त उंची बघतो आणि शेजारचा कालावधीचा रकाना सोडून देतो. दोन लाटांमधला वेळ म्हणजे कालावधी. चार मीटरची लाट आठ सेकंदांची असेल तर समुद्र खवळलेला दिसतो. तीच चार मीटर सोळा सेकंदांची असेल तर तिच्यात दुप्पट शक्ती असते, लांबून समुद्र जवळजवळ शांत दिसतो आणि ती किनाऱ्यावर भिंतीसारखी उभी राहते. धक्क्यावर फोटो काढणारे वाहून जातात ते बहुधा अशा दिवशी. दहा-पंधरा मिनिटं काही होत नाही आणि मग मोठ्या लाटांचा एक जथा येतो.

कालावधीवरून लाटा कधी पोचतील तेही काढता येतं. खोल समुद्रात लाटांच्या जथ्याचा वेग नॉटमध्ये काढायचा तर सेकंदांना दीडने गुणा. सोळा सेकंदांच्या लाटा सुमारे २४ नॉटने सरकतात, दिवसाला हजार किलोमीटरच्या थोड्या वर. वीस सेकंदांच्या ३० नॉटने. म्हणून दूरच्या वादळाची वर्दी सर्वात लांब कालावधीच्या, पण उंचीने अगदी कमी असलेल्या लाटा देतात. बोयावर उंची दीड मीटरवरच आहे पण कालावधी नऊवरून एकदम एकोणीसवर उडी मारतो, ते याचं लक्षण.

आणि वादळ स्वतः लाटांच्याच वेगाने, त्याच दिशेने सरकत असेल तर ती जास्त वाईट गत. तोच वारा त्याच लाटांना तासन्‌तास ढकलत राहतो. नकाशावर रेषांचा तो चिकटलेला पट्टा तुमच्या किनाऱ्याकडे सरळ रोखलेला आणि वेग ३० नॉटच्या आसपास असेल, तर लाटांचा अंदाज वरच्या बाजूला चुकेल असं धरा.

८. किनारा: भरती केव्हा, हे आधी विचारा

दाब एक हेक्टोपास्कलने पडला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटरने वर येतो. नेहमीचा दाब १०१३, वादळात ९५३ झाला तर नुसत्या त्या कारणाने साठ सेंटिमीटर. त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि उथळ समुद्रात हा रेटा फार मोठा होतो. यालाच स्टॉर्म सर्ज म्हणतात. उत्तर समुद्र दक्षिणेला उथळ आणि निमुळता आहे, त्यामुळे पाणी तिथे कोंडतं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाणाच्या भरतीवर असाच फुगवटा चढला. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून जास्त. डच डेल्टा प्रकल्प आणि लंडनचा थेम्स बॅरियर ही त्याचीच फळं.

करायचं ते असं:

१) त्या दिवशी उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती), ते बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस सर्वात वाईट.
२) भरतीची वेळ आणि जोराच्या वाऱ्याचा तास शेजारी मांडा. दोन मीटरचा फुगवटा ओहोटीत आला तर कुणाला कळतही नाही, एक मीटरचा भर उधाणात आला तर रस्ते बुडतात.
३) भरतीमापकाच्या आलेखात दोन रेषा असतात, कोष्टकातली आणि मोजलेली. दोघींतला फरक टिपत राहा. तोच फुगवटा.
४) उत्तर समुद्रात फुगवटा किनाऱ्याकिनाऱ्याने घड्याळाच्या उलट दिशेने सरकतो. ॲबर्डीन, नॉर्थ शील्ड्स, इमिंगहॅम, लोस्टॉफ्ट, शीअरनेस या क्रमाने मापकं उघडा. वरच्या बंदरात काय झालं ते खालच्या बंदराला काही तास आधी कळतं. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री ही साखळी पाहणाऱ्यांना पाणी दक्षिणेकडे येताना अक्षरशः दिसत होतं.

सापळा: भरतीचं कोष्टक नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून मोजतं आणि पुराची पातळी जमिनीच्या शून्यापासून. दोन्हींत काही मीटरांचा फरक असू शकतो. दोन आकडे एकत्र ठेवण्याआधी शून्य कुठलं ते बघा.

वाऱ्याचा कोन हाही मुद्दा आहे. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडे तोंड असलेल्या खाडीत लाटा कोंबतो, शेजारच्याच उत्तराभिमुख खाडीत तेवढं काही होत नाही. वारा वायव्येला फिरला की दोघींची अदलाबदल. आपल्या किनाऱ्याचं तोंड कोणत्या अंशाला आहे ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

९. समुद्री अंदाज ऐकायला शिका

बीबीसी रेडिओ ४ वरचा शिपिंग फोरकास्ट ३१ समुद्रक्षेत्रांसाठी असतो: वायकिंग, डॉगर, फास्टनेट, रॉकॉल, मॅलिन, आणि पुढे. पहिल्यांदा ऐकताना मंत्रपठण वाटतं. क्रम मात्र ठरलेला: आधी गेलचे इशारे, मग एकंदर परिस्थिती, मग प्रत्येक क्षेत्राचा वारा, समुद्र, हवामान, दृश्यता. इशाऱ्यातल्या शब्दांना ठरावीक वेळ आहे. ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा, ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. समुद्राच्या वर्णनात ‘हाय’ म्हणजे सहा ते नऊ मीटर, ‘व्हेरी हाय’ नऊ ते चौदा, त्यापुढे ‘फेनॉमिनल’. आयर्लंडचं मेट एअरन एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंत असा अंदाज देतं, त्यासाठी किनाऱ्यावरच्या भूशिरांची नावं पाठ करावी लागतात.

इशाऱ्यांचे रंग सगळ्यांना माहीत असतात, पण ब्रिटनमध्ये रंग ठरतो तो परिणाम किती मोठा आणि त्याची शक्यता किती या दोन्हींवरून. त्यामुळे पिवळ्या इशाऱ्यातही, शक्यता कमी पण परिणाम भीषण, असा प्रकार असू शकतो. रंगाखालचा मजकूर वाचाच. आणि तुमच्या वहीतला हिशेब काहीही म्हणो, लाल इशारा आला की बाहेर पडायचं नाही. एओविनच्या वेळी संपूर्ण आयर्लंड बेटावर लाल इशारा होता. गॉलवेतल्या मेस हेडवर ताशी १८० किलोमीटरच्या वर झोत गेला आणि १९४५ पासूनचा आयरिश विक्रम मोडला. असा वारा बघायला कड्यावर जायचं नसतं. समुद्रात कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः पाण्यात न उतरता ११२ लावून तटरक्षक दल मागा.

१०. वारा पडल्यावर

जमिनीवरचा वाऱ्याचा इशारा संपतो, ऊन पडतं आणि लोक किनाऱ्याकडे निघतात. बोया त्या वेळी वेगळंच सांगत असतो. वारा २५ नॉटवर उतरला तरी लक्षणीय लाट सात मीटर आणि कालावधी पंधरा सेकंद असं चित्र बारा-अठरा तास टिकू शकतं. फेरीबोटी याच कारणाने दुसऱ्या दिवशीही रद्द होतात, कंपनीला दोष देण्याआधी लाटांचा तक्ता बघा. पुढची भरती आधीच्या भरतीपेक्षा कमी असेल असंही गृहीत धरू नका. बांधाखालची वाळू पहिल्या भरतीत वाहून गेलेली असते आणि लाटा आता थेट भिंतीवर आपटतात.

हे सगळं शांत झाल्यावर वहीत एक रकाना वाढवा: मॉडेलने ७२, ४८ आणि २४ तास आधी काय सांगितलं होतं आणि तुमच्या जवळच्या मापकाने शेवटी काय मोजलं. एका हिवाळ्यात एवढ्या नोंदी जमतात की कोणतं मॉडेल तुमच्या किनाऱ्यावर वारा फुगवून सांगतं आणि कोणतं वादळाला उशिरा आणतं, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. नोंद संपवण्याआधी न्यूफाउंडलंडकडचा ताजा नकाशा उघडा. जेट स्ट्रीम जागचा हललेला नसेल तर दुसरं वादळ तीन दिवसांच्या अंतरावर उभं असतं.